तिसऱ्या वर्गाचे दार

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक नवे कोरे रेल्वे स्टेशन मनात उभे करा. रस्त्याकडून दिसते एकच इमारत, पण तिला दोन बाजू. इकडे रुंद दार, उंच छताची गार खोली, गाद्यांच्या खुर्च्या. तिथे वरच्या वर्गाचे चार जण बसलेत. पलीकडे पत्र्याची शेड, तिच्यात तिसऱ्या वर्गाचे दोनशे. शेडमधून फलाटावर जायला एक माणूस जेमतेम मावेल एवढेच दार, आणि तेही वरच्या वर्गाची मंडळी डब्यात बसल्यावरच उघडायचे.

ते दार बांधणारा गवंडी आज स्वतःच शेडमध्ये उभा होता. सोबत आठ वर्षांची नात आणि पोटुशी सून. सुनेचे पाय सुजले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. शहरातल्या डॉक्टरांकडे आजच पोचायला हवे होते.

घंटा झाली. मागची गर्दी पुढे रेटू लागली.

"मामंजी, श्वास कोंडतोय."

"पोट सांभाळ गं," शेजारची बाई म्हणाली. "गेल्या आठवड्यात एक म्हातारी इथंच चेंगरली."

नातीने विचारले, "आजोबा, दार एवढं लहान का केलंत?"

"नकाशात तेवढंच होतं, बाळा. मी मुकादमाला म्हटलंसुद्धा..." गवंडी थांबला. "नाही, खोटं कशाला बोलू? काही म्हटलं नव्हतं. वाटलं, आपल्याला काय करायचंय."

दोघींना घेऊन तो कसाबसा रस्त्यावर आला आणि रुंद दाराशी गेला. शिपायाने तिकिटे पाहिली.

"ही तिसऱ्याची. तिकडं जा."

"सुनेला बरं नाही, दादा. एवढं इथनं जाऊ द्या. ही खोली मीच बांधलीय."

"मग? शिंपी काय गिऱ्हाइकाचा कोट घालून हिंडतो?"

आतल्या एका गृहस्थाने वर्तमानपत्र खाली केले, पाहिले आणि पुन्हा वर धरले.

गाडी फलाटाला लागली. शेडमधून कुणाचे तरी रडणे ऐकू आले. सून भिंतीला टेकून खाली बसली. गवंड्याचे हात जोडलेलेच होते.

नात शेडच्या तोंडाशी धावली. "इकडनं या सगळे," ती ओरडली, "इथलं दार मोठं आहे."

माना वळल्या. मग पावले वळली.

तिने परत येऊन आईला उठवले. शिपायाने हात आडवा धरला. ती त्या हाताखालून आत गेली, आणि आईचा हात तिने सोडला नाही.