उरलेल्या मेणबत्त्या

“चिमटा नको नाकाला!” म्हणत मुलीने आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

फुप्फुसांची तपासणी करणाऱ्या बाई अशा नकारांना सरावलेल्या होत्या. त्यांनी यंत्राचा पडदा मुलीकडे वळवला. त्यावर मेणबत्त्यांची रांग पेटली. नळीत जोरात फुंकलं की एकेक विझणार.

“आधी आई दाखवेल. मग तर झालं ना, ठमाबाई?”

आईने हसून चिमटा लावला, पुठ्ठ्याची नळी ओठांत धरली.

“खोल श्वास घ्या... आता सोडा! सोडा, सोडा, अजून, अजून...”

शेवटच्या काही मेणबत्त्या जळतच राहिल्या.

“आई हरली!” मुलीने टाळ्या पिटल्या आणि चिमटा स्वतःच मागून घेतला. नवी नळी तोंडात धरून तिने असं काही फुंकलं की रांगच्या रांग विझली. मग पुन्हा, आणि हौसेने आणखी एकदा.

“छाती ठणठणीत आहे हो हिची,” बाई म्हणाल्या.

आई सुटकेचा निःश्वास टाकायला गेली, तर तिला ठसकाच लागला.

“पण अंथरुणात पडलं की शिट्टीसारखा आवाज येतो. रोज. मी हिच्या पाठीवर हात ठेवून ऐकत असते.”

“घरात आणखी कोणाला येतो ऐकू?”

“आहे कोण ऐकायला? हिचे बाबा परगावी. फोनवर म्हणतात, तुला काळजीला निमित्तच लागतं.”

बाईंनी आईकडे निरखून पाहिलं. मघाशी जिना चढून आल्यावर ती दारातच वाकली होती, मुलीच्या बुटाचा बंद बांधायला. बंद बांधून झाला तरी बराच वेळ वाकलेलीच होती.

त्यांनी खोक्यातून आणखी एक नळी काढली.

“आता तुम्ही परत फुंका बघू.”

“मी? अहो, मला काय धाड भरलीय?”

“फुंका तर.”

या वेळी पडद्यावर मेणबत्त्या नव्हत्या, नुसती रेघ होती. ती जराशी चढली आणि बसली. बाईंनी आईकडून पुन्हा फुंकून घेतलं. रेघ तिथेच बसली.

“डॉक्टरांना आत्ताच दाखवू या,” बाईंचा आवाज खाली आला होता. “सोबत कोणी आलंय?”

आईने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर तिचीच पिशवी होती.

“मी आलेय ना!” मुलगी म्हणाली.

ती खुर्चीमागे गेली. आईच्या पाठीवर तळवा टेकवून तिने मान तिरकी केली, आई करते तश्शी, आणि स्वतःचा श्वास रोखून धरला.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “शिट्टी इथे आहे.”