निळ्या पाण्याचा गुरुवार

मी बोलतोय, चर्चच्या सामानाच्या खोलीतलं पितळी घंगाळ. माझ्यावर मोडक्या बाजाच्या पेटीचं झाकण ठेवलंय, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. सांभाळून घ्या.

माझा जन्म तांबटाच्या हातोडीखाली झाला. त्या ठोक्यांच्या खुणा अजून अंगावर आहेत. केम गावच्या एका शेतकऱ्याने लेकीच्या लग्नात मला रुखवतावर मांडलं आणि तिच्याबरोबर रेल्वेने मी सोलापूरला आलो. ती लेक म्हणजे वच्छलाबाई. शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत तिची तिन्ही मुलं माझ्यातल्या कढत पाण्याने न्हाली. त्यांच्या रडण्याची मला अजून आठवण येते.

पुढे प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि मी अडगळ झालो. मला मोडीत घालायला वच्छलाबाईचं मन होईना. तिने मला चिंचेने लख्ख घासलं आणि ती जायची त्या चर्चला देऊन टाकलं.

चर्चमध्ये मला वर्षातून एकच दिवस काम. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी संध्याकाळी बाराजणांचे पाय धुवायचे, आणि मग प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला. पाय धुण्याचा मान शांतवन मास्तरांचा. शाळेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीची पांढरी पँट घालणारे मास्तर. नम्रतेवर त्यांची प्रार्थना इतकी लांबायची की माझ्यातलं माठाचं गार पाणी कोमट होऊन जायचं.

आणखी एक गंमत सांगतो. पाय धुवून घ्यायला येणारी मंडळी घरूनच पाय धुवून येत. साबण लावून, नखं कापून, एकदा तर कुणी पावडर लावून आलं होतं. पाणी जसं ओतलं तसंच परत जायचं. मास्तर स्वतःचे पाय मात्र कधीच कुणाला धुऊ देत नसत. “माझं राहू दे,” म्हणायचे. मला तेव्हा तो मोठेपणा वाटे.

शेवटच्या बाकावर भीमा बसायचा. चादरीच्या कारखान्यात सुताला रंग देणारा. त्याच्या टाचांच्या भेगांत कायम निळा रंग. एके काळी तो पीत असे, हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. दारू सोडून त्याला सात वर्षं झाली होती, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

एका गुरुवारी प्रभुभोजनाच्या रांगेत भीमाचा तोल गेला. प्याल्याला धक्का लागला आणि पांढऱ्या कापडावर द्राक्षरस सांडला. मास्तरांनी त्याचा दंड धरला. “देवाच्या मेजापाशी पिऊन येतोस?” असं सगळ्यांदेखत विचारलं आणि त्याला बाहेर काढलं. भीमा दाराकडे निघाला. नुसता कापडावरच्या डागाकडे बघत गेला.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईने मास्तरांना गाठलं. “मास्तर, त्यानं कालच्याला पाण्याचा घोट बी घेतला न्हवता. प्रभुभोजनासाटी उपास धरला हुता. भट्टीपाशी दिवसभर उबा, चक्कर यील न्हायतर काय?”

मास्तरांचा चेहरा उतरला. “बघू,” एवढंच म्हणाले.

त्या ‘बघू’ला सहा वर्षं लागली. भीमा पुन्हा आत आला नाही. दर रविवारी, आणि पवित्र गुरुवारीही, बाहेर लिंबाच्या पारावर बसायचा आणि आतली गीतं ऐकायचा. आत मास्तर देवाकडे दया मागायचे, बाहेर भीमाही तीच मागायचा, आणि मधे फक्त एक उघडं दार होतं. दोघांचेही आवाज मला ऐकू येत आणि जीव तुटे.

सहाव्या वर्षीच्या गुरुवारी प्रार्थना संपली, मास्तर वळले, तर वेदीपुढे मी नाही.

“वच्छलाबाई, घंगाळ कुठाय?”

“भाईर हाय, पारापाशी. जे पाय धुवायचे ऱ्हायलेत, ते बी तितंच हायत की.”

मास्तर सावकाश बाहेर आले. मंडळी दारात गोळा झाली. भीमा गडबडून उठायला लागला. मास्तरांनी धुळीत गुडघे टेकले, त्या पांढऱ्या पँटीसकट. नेहमीची लांब प्रार्थना त्यांना सुचेना.

“भीमा, माझं चुकलं. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं मला. पण तोंड उघडलं नाही. मला माफ कर.”

“मास्तर, पायाला हात लावू नगा. कामावरनं तसाच आलोय, रंग लागंल.”

मास्तरांनी त्याचे पाय माझ्यात घेतले आणि टाचांच्या भेगा एकेक करून चोळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यातलं पाणी बदललं. गर्द निळं झालं. मला फार बरं वाटलं, माझ्या जन्माचं काम आज झालं असं वाटलं.

भीमाने पंच्याने पाय पुसले आणि म्हणाला, “आता तुमी बसा की.”

मास्तर गोंधळले. ‘माझं राहू दे’ त्यांच्या ओठांवर आलं होतं, मी पाहिलं. मग ते पारावर बसले आणि मोजे काढायला लागले.

भीमाने मला उचललं. “थांबा, पानी बदलून आणतो.”

“नको,” मास्तर म्हणाले. “ह्याच पाण्यात.”

त्यांचे गोरे पाय निळे होऊन निघाले. दोघंही रडत होते. वच्छलाबाई भीमाला हाताला धरून आत घेऊन गेली आणि त्या संध्याकाळी मास्तर भाकरीसाठी त्याच्या मागे, रांगेत शेवटी उभे राहिले.

आता मास्तरही नाहीत, भीमाही नाही. माझ्या बुडाला बारीक भोक पडलंय, म्हणून गुरुवारी हलका प्लास्टिकचा टब वापरतात. वच्छलाबाई थकली आहे, पण कधी खोलीत आली की माझ्यावरची धूळ पुसते. बुडाशी राहिलेली निळी कड तिने कधीच चिंचेने घासली नाही.

माझी काही तक्रार नाही. टबात धुवा, बादलीत धुवा. फक्त एवढं ऐका: येताना घरून पाय धुवून येऊ नका.