हिर्डोशीच्या ठकुबाईंची दाढ

भोरच्या दवाखान्यात सौदामिनीने ठकुबाईंची दाढ काढली, तेव्हा बारा वाजले होते. आधी तिने विचारलं होतं, "आजी, कुठलं औषध चालू आहे का?"

"न्हाई बया, मला काय झालंय?"

तोंडात कापूस धरून आजी एकट्याच हिर्डोशीच्या एसटीला गेल्या.

दोन वाजता खालच्या मेडिकलमधून स्वरूपचा फोन आला. "मॅडम, मघाच्या आजींनी तुमच्या गोळ्यांबरोबर रक्त पातळ करायची गोळीपण नेली. दर महिन्याला नेतात. हृदयात झडप बसवलीय त्यांच्या. माझ्या आत्ता डोक्यात आलं."

सौदामिनीने आजींचा केसपेपर पुढे ओढला. दुखण्यावर तिने जी गोळी लिहून दिली होती, त्या गोळीने रक्त आणखीच वाहिलं असतं. केसपेपरवर आजींच्या सुनेचा, मंगलचा नंबर होता. लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बाहेर बसलेल्या दोघांना तिने उद्या यायला सांगितलं आणि सामानाची पेटी घेऊन गाडी काढली.

धरणाच्या कडेची वळणं संपता संपेनात. एका हाताने ती फोन लावू बघायची, मग स्वतःवरच चिडून तो सीटवर टाकायची. आजी घरी तरी पोचल्या असतील का?

पोचल्या होत्या. ओट्यावर बसून मिठाच्या पाण्याने चुळा भरत होत्या. पुढ्यातलं घमेलं लाल झालं होतं.

"चुळा थांबवा आजी! दुखायची गोळी घेतली?"

"एक घेतली. लई ठणकत व्हतं."

सौदामिनीने जखमेत रक्त गोठवणारा स्पंज बसवला, वर कापसाची घडी ठेवली आणि दाबून धरायला लावलं. हातातल्या घड्याळाकडे ती दर मिनिटाला बघत होती.

"रक्त पातळ करायची गोळी घेता, हे बोलला नाहीत मला."

आजींनी घडी दाताखाली धरूनच उत्तर दिलं, "ती औषध कुठं? ती रोजचीच हाय."

शेजारी उभी असलेली मंगल तापली. "त्या अडाणी हायेत, पर तुमी डॉक्टर ना? मग नीट इचारायचं न्हाई का?"

"चुकलं माझं," सौदामिनी म्हणाली.

"आता ती गोळी बंदच करते मी."

"नको! झडपेवर रक्ताची गाठ धरेल. ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील."

वीस मिनिटांनी रक्त कमी झालं, थांबलं मात्र नाही. तिने दोघींना गाडीत घातलं आणि भोरच्या रुग्णालयात आणलं. तपासणीत रक्त हवं त्यापेक्षा बरंच पातळ निघालं. हृदयाच्या डॉक्टरांनी फोनवरून एक दिवसाची गोळी चुकवायला सांगितली, दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल दिली. सौदामिनीने जखमेला दोन टाके घातले. संध्याकाळी सहाच्या सुमारास घडी पांढरीच राहिली.

सौदामिनी तरीही खाटेजवळून उठली नाही. सारखी वाकून आजींच्या तोंडात बघत राहिली. शेवटी आजीच वैतागल्या, "आता बस की! पेज तरी पिऊ दे मला."

मंगलने पेज गार करून आणली. तिसऱ्या दिवशी आजी घरी गेल्या.