सैल पडेल

आठवी गोळी ट्विलाच्या अंगठ्याखालून निसटली, टेबलावरून घरंगळली आणि थेट ओव्हनखाली गेली.

"गेली," डेल्मर म्हणाला. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला घेवड्याच्या दाण्यांतले खडे निवडत बसला होता.

"दिसलं मला, डॅडी."

"तुझी आई लोणच्याच्या बरण्या नुसत्या मनगटाने उघडायची."

"मग आईला बोलवा," ट्विला म्हणाली आणि झाडूच्या दांड्याने गोळी बाहेर ओढायला ओणवी झाली.

ट्विलाच्या आईला, इमोजीनला, जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्यावरून केलेल्या थट्टेचं या घरात बापलेकींना कधी वाईट वाटत नसे. थट्टेपुरती का होईना, ती स्वयंपाकघरात येऊन जाई.

टेबलावर पिस्तूल होतं, तळहातात मावेल एवढं, आणि शेजारी त्याची दोन कोरी मॅगझिन. मॅगझिन म्हणजे गोळ्या भरायची लोखंडी डबी. आतली स्प्रिंग प्रत्येक गोळीला वर रेटत असते आणि पुढची गोळी तिच्या उरावर दाबून बसवावी लागते. दहा मावतात असं खोक्यावर लिहिलं होतं. सहा निमूट जात. सातवीला अंगठा लाल होई, आणि आठवीला ट्विला ज्या शब्दांत बोले ते शब्द तिला रविवारच्या प्रार्थनेत कुणी शिकवलेले नव्हते.

ट्विलाच्या नवऱ्याने, कर्टिसने, तिच्यापासून लांब राहावं असं कोर्टाने सांगितलं होतं. कर्टिस कोर्टाचं ऐकेल यावर गावातल्या एकाही माणसाने पैज लावली नसती. येत्या शनिवारी ट्विला नदीकाठच्या एका भाड्याच्या घरात राहायला जाणार होती, एकटी. "इथेच राहा" असं म्हणायला डेल्मर रोज सकाळी तोंड उघडायचा आणि रोज त्यात कॉफी ओतायचा. तसं म्हणायचा हक्क आपण फार पूर्वीच घालवून बसलो आहोत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आण इकडे," तो म्हणाला.

त्याचा सगळा जन्म लाकडाच्या गिरणीत गेला होता. अंगठे अजून दणकट होते. आठवी गोळी त्याने दाबली. नववीला त्याचा खालचा ओठ दातांत गेला. दहावीला तो उभा राहिला आणि मॅगझिन टेबलाच्या कडेला टेकवून अंगाचा भार टाकला. ते पिस्तुलात बसवायची वेळ आली तेव्हा तेही अडून बसलं. तळहाताचा सणसणीत रट्टा बसल्यावरच खट् झालं.

"तुम्हालाही मारायला लागलं की," ट्विला हसली.

"नवं आहे म्हणून. आता ही दोन्ही अशीच गच्च भरून ठेव आणि हात लावू नकोस." तो पुन्हा दाण्यांकडे वळला. "नवं सगळंच ताठ असतं, पोरी. दाबाखाली राहिलं की आपोआप सैल पडतं."

ट्विलाचं हसू गेलं. उरलेल्या गोळ्या ती एकेक करून खोक्यात ठेवत राहिली.

"हे मी ऐकलंय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "याच खुर्चीत बसून."

डेल्मरलाही त्याच क्षणी आठवलं. अकरा वर्षांपूर्वी, लग्न नवीन असताना, ती एक निळी बॅग घेऊन आली होती आणि भर उन्हाळ्यात तिने लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. डेल्मरने त्या बाह्यांकडे बघितलं होतं. बघितलंच नव्हतं, असं तो पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आला, पण बघितलं होतं. जेवणं झाल्यावर त्याने तिला हेच सांगितलं, अगदी याच शब्दांत. मग स्वतःच्या पिकअप गाडीतून तिला कर्टिसकडे नेलं, बॅग पायरीवर ठेवली आणि परत फिरला. गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं. घरी आला तेव्हा इमोजीन ओले हात तसेच घेऊन दारात उभी होती. त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी हवापाण्यापलीकडे काही बोलली नाही.

"मी जरा कुत्र्याला बघून येतो," डेल्मर म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

कुत्रा टेबलाखाली झोपला होता.

त्या आठवड्यात पुन्हा तो विषय निघाला नाही. ट्विलाने मॅगझिन भरून ठेवली नाहीत. रोज सकाळी ती सगळ्या गोळ्या काढायची आणि पुन्हा भरायला बसायची, गेले पंधरा दिवस चालू होतं तसंच. पडवीत बसलेल्या डेल्मरला ती टकटक ऐकू येई. मध्येच थांबली की आता आठवी आली, हे त्याला कळे.

शुक्रवारी तो हार्लनच्या दुकानात गेला. गळाला लावायच्या गांडुळांपासून बंदुकांपर्यंत सगळं तिथे मिळे, आणि फुकटची कॉफी प्यायला बुफर्ड नावाचा एक म्हातारा कायम खिडकीशी बसलेला असे.

"हार्लन, नवं मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग सैल पडते ना रे?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"माझा बाप म्हणायचा," बुफर्डने खिडकीतून साक्ष दिली.

"तुझा बाप घोड्याचं मलम स्वतःच्या गुडघ्याला चोळायचा," हार्लन म्हणाला. मग डेल्मरकडे वळला. "चांगली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने सैल पडत नाही गड्या. दाब सोसायलाच बनवलेली असते ती. का, ट्विलाला जमत नाहीये?"

"आठवीला अडतं."

"मग घेऊन ये की परत. हलक्या स्प्रिंगचं दुसरं पिस्तूल आहे, ते देतो."

"वापरलेलं परत घेतोस तू?"

"का नाही? नाही जमलं, परत आणलं. परत यायला लाज कसली त्यात?"

डेल्मरने कप तोंडापर्यंत नेला आणि न पिताच खाली ठेवला. हार्लन पिस्तुलाबद्दल बोलत होता, बिचाऱ्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण डेल्मरच्या छातीत ते वाक्य जाऊन बसलं आणि तिथून हलेना.

"काय रे, भूत बघितलंस की काय?" बुफर्डने विचारलं.

डेल्मरने कॉफी अर्धी टाकली आणि निघाला. वाटेत तो मोठ्याने बोलून बघत होता. पिस्तुलाबद्दल बोलायचं ते नीट जमत होतं. त्याच्या मागोमाग जे बोलायचं होतं, ते गाडीत एकटा असूनही जमत नव्हतं.

ट्विला टेबलाशीच होती.

"हार्लन परत घेतोय," तो दारातूनच म्हणाला. टोपी काढायचंही त्याला सुचलं नाही. "चल, आत्ता जाऊ. तो म्हणतो, नाही जमलं तर परत यावं. त्यात लाज नाही."

ट्विलाने एक मॅगझिन उचलून त्याच्यापुढे धरलं. गच्च भरलेलं होतं. वर दहावी गोळी चकाकत होती.

"जमलं," ती म्हणाली.

"सैल पडली?" हार्लनने सगळं समजावून सांगितलेलं असूनही त्याने विचारलं. कुठेतरी आपलं म्हणणं थोडं तरी खरं निघावं, अशी त्याला वेडी आशा वाटली.

"स्प्रिंग आहे तशीच आहे, डॅडी." तिने उजवा अंगठा उजेडात वळवून दाखवला. टोकाची कातडी पिवळट, जाड झाली होती आणि मधोमध चिरली होती. "हा निबर झाला."

डेल्मरने तो अंगठा हातात घेतला. लहानपणी ती काटा घुसला की असाच हात पुढे करायची.

"त्या दिवशी मी तुला घेऊनच गाडी वळवायला हवी होती," तो म्हणाला.

"हो," ट्विला म्हणाली.

जाऊ द्या, झालं ते झालं, असं ती काही म्हणाली नाही. म्हणावं असं त्याला फार वाटलं, आणि म्हणाली नाही हेच योग्य, असंही वाटलं. तिने हात सोडवून घेतला आणि घेवडा शिजत होता त्याखालची आच बारीक केली.

शनिवारी त्याच पिकअपमधून सामान गेलं. नदीकाठचं घर लहान होतं, पायऱ्या नव्याने रंगवलेल्या होत्या. खोकी संपली तेव्हा गाडीत फक्त ती निळी बॅग उरली. एक बंद तुटला होता, पण तीच होती. डेल्मरने ती उचलली, आणि हात भरून आल्यामुळे की सवयीने कोण जाणे, पायरीवर ठेवली. मग थांबला. पुन्हा उचलली, आत नेली, झोपायच्या खोलीत पलंगावर ठेवली. एकेक खिडकीची कडी ओढून पाहिली. जेवण ओव्हनमध्ये आहे, मक्याचा पाव फडक्यात आहे, असं काहीबाही सांगून बाहेर पडला.

बऱ्याच वेळाने ट्विला रिकामी खोकी बाहेर टाकायला आली. गाडी तिथेच होती. डेल्मर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर नदीकडे बघत होता.

ती त्याच्या खिडकीशी आली.

"अजून गेला नाहीत? गाडी बंद पडली का?"

"नाही," डेल्मर म्हणाला. "मी बंद केलीय."

ट्विलाने हातातली खोकी खाली ठेवली. मग गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, दार उघडलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. दार तिने ओढून घेतलं नाही, एक पायही बाहेरच ठेवला. पण बसली.