सासूबाईंची तळटीप

परदेशात साहित्य शिकायला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. घरात या बातमीचा आनंद प्रत्येकानं आपापल्या परीनं लपवला. नवऱ्यानं विचारलं, गिझर दुरुस्त करणाऱ्याचा नंबर कुठे लिहून ठेवलाय. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"कादंबऱ्या वाचायला पाठवतायत?"

"हो, आई."

"आणि वाचून झाल्यावर?"

"त्यांच्यावर लिहायचं."

"म्हणजे लिहिलेल्यावर लिहायचं." त्यांनी क्षणभर विचार केला. "असू दे. आम्ही बोललेल्यावर लिहायचो."

सासूबाई कोर्टात टायपिस्ट होत्या. सत्तावीस वर्षं त्यांनी साक्षीदारांचे जबाब टाइप केले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी समोर कुणी जरा लांबलचक बोलायला लागलं की त्यांची बोटं मांडीवर हलायची. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि आमचं कधी भांडण झालं नव्हतं. लोक कौतुक करायचे. खरी गोष्ट अशी की त्या कोर्टात, मी कॉलेजात. भांडायला निवांतपणा लागतो, तो आम्हाला कधी मिळालाच नाही. पुढे तो मिळाला तोवर न बोलायची सवय लागली होती.

तिकडे मला चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली. तिच्या खिडकीतून समोरची खिडकी दिसायची आणि त्या खिडकीचा पडदा कायम ओढलेला असायचा. वर्गात आम्ही अकरा जण. बाकीचे दहा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि सगळ्यांना सगळ्याविषयी मत. त्यातला एक जण प्रत्येक वाक्य 'एका अर्थानं' असं सुरू करायचा. दुसरा अर्थ काय, ते वर्षभरात कळलं नाही.

माझ्या मार्गदर्शक बाई साठीच्या होत्या. त्यांच्या खोलीतल्या दोन्ही खुर्च्यांवर पुस्तकं असायची, त्यामुळे विद्यार्थी उभे राहायचे आणि भेट लवकर संपायची. माझा पहिला निबंध परत देताना त्या म्हणाल्या, "या कादंबरीवर लिहिलेलं सगळं तुम्ही वाचलंय. माझंसुद्धा. आता कादंबरी वाचा."

"वाचली आहे."

"मग ती या निबंधात कुठे आहे?"

मी अठरा पानं चाळली. खरंच नव्हती.

वर्षअखेरीला शिष्यवृत्तीची समिती एक निबंध वाचायची. तो पटला तर पुढची दोन वर्षं, नाही तर परतीचं तिकीट. तिकिटाच्या बाबतीत समिती तत्पर असते, असं सगळे सांगायचे.

कादंबरी अशी होती. एका लहान गावात एक डॉक्टर. गावात तळं. तळ्याकाठी एक विधवा बाई खानावळ चालवते. एका संध्याकाळी ती तळ्यात बुडून मरते. डॉक्टर चारशे पानं सांगतो की त्यानं तिला पाण्याकडे जाताना पाहिलं, हाक मारली, तिनं ऐकली नाही. जाणकारांनी डॉक्टरच्या करुणेवर भरभरून लिहिलं होतं. माझी अठरा पानंही करुणेवरच होती.

घरी फोन रविवारी. माझ्याकडे सकाळ, तिकडे दुपार. नवरा तीन मिनिटं बोलायचा, त्यातली दोन गिझरची. मग "हं, आईशी बोल" म्हणून तापलेलं भांडं द्यावं तसा फोन घाईनं सासूबाईंच्या हातात द्यायचा. त्या म्हणायच्या, "बरी आहेस ना?" मी म्हणायचे, "बरी आहे. तुम्ही?" त्या म्हणायच्या, "मला काय होतंय." आणि मग आम्ही दोघी गप्प. एका रविवारी ती शांतता इतकी लांबली की मी काहीतरी म्हणून डॉक्टरची गोष्ट सांगायला लागले. त्यांनी मध्ये एकदाही हूं म्हटलं नाही. मला वाटलं, डुलकी लागली.

पुढच्या रविवारी फोन त्यांनीच उचलला. "मग? ती बाई पाण्याकडे गेली. पुढे?"

असे सहा रविवार गेले. नवऱ्याची मिनिटं तीनवरून एकावर आली आणि गिझरचं काय झालं ते मला कळेनासं झालं. सातव्या रविवारी त्यांनी मला अडवलं.

"थांब. त्या संध्याकाळी धुकं होतं म्हणालीस ना?"

"हो. पलीकडचा काठ दिसत नव्हता, असं तोच म्हणतो."

"आणि तो कुठे उभा?"

"दवाखान्याच्या पायरीवर. अलीकडच्या काठाला."

"आणि खानावळ पलीकडे. मग तिच्या शालीची किनार त्याला दिसली कशी?"

मी पुस्तक उघडलं. किनार निळी होती. एक टाका उसवलेला होता, तोही डॉक्टरनं सांगितला होता.

"आणि दुसरं," त्या म्हणाल्या, "हे सगळं त्याला विचारलंय कुणी? न विचारता जो एवढं सांगतो ना, त्याला आमचे जज्जसाहेब कधीच थांबवत नसत. बोलू दे म्हणायचे. अगं, तो माणूस खोटं बोलतोय. तो पायरीवर नव्हताच. तिच्याजवळ होता."

मी चार दिवसांत नवा निबंध लिहिला आणि वर्गात वाचला. वाचून झाल्यावर 'एका अर्थानं'वाल्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मार्गदर्शक बाईंनी चष्मा काढला. "ही कादंबरी मी तीस वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या, "आणि धुकं मला दिसलं नाही. तुम्हाला कसं दिसलं?"

मी "असंच" म्हटलं. अकरा जणांसमोर म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्याच्यानं राहवेना. त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं की हे माझ्या सासूबाईंचं आहे.

"त्यांचं काही प्रकाशित झालंय?"

"सत्तावीस वर्षांचं टायपिंग आहे. पण ते कोर्टाच्या नावावर."

"मग तळटीप द्या," बाई म्हणाल्या. "फोनवरचं संभाषण, तारीख. आणि त्यांची लेखी परवानगी. फॉर्म बाहेर मिळेल, दोन प्रती लागतात."

फॉर्म घरी गेला, सोबत त्यांच्या म्हणण्याचा मी लिहिलेला मजकूर. पुढच्या रविवारी सासूबाईंचा आवाज कोर्टातला होता.

"इथे लिहिलंय, 'निवेदकाची विश्वासार्हता संशयास्पद ठरते.' हे कोण म्हणालं?"

"तुम्हीच, आई. म्हणजे अर्थ तोच..."

"मी म्हटलं, तो माणूस खोटं बोलतोय. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालायचे नसतात. सत्तावीस वर्षांत मी एक स्वल्पविराम पदरचा घातला नाही. मी सही करणार नाही."

"इथे तसं लिहीत नाहीत, आई."

"मग त्यांना म्हणावं, शिका."

दोन रविवार त्या फोनवर आल्या नाहीत. नवऱ्यानं कळवलं की गिझर बदलला. तिसऱ्या आठवड्यात मी माझा मजकूर खोडून त्यांचा जसाच्या तसा घातला आणि पाठवला. दोन्ही प्रती सही होऊन आल्या. खाली टीप: 'वाचले. बरोबर आहे.'

मार्गदर्शक बाईंनी 'तो माणूस खोटं बोलतोय' हे वाक्य पेन्सिलनं अधोरेखित केलं. "अख्ख्या निबंधात हे एकच वाक्य ताठ उभं आहे," त्या म्हणाल्या. "बाकी तुमचं काय म्हणणं आहे?"

हे मला लागलं. शिष्यवृत्ती कुणाची, खोली कुणाची, आणि कौतुक कुणाचं चाललंय! रविवारी मी जरा तिखटपणेच विचारलं, "बरं, मग त्यानंच तिला मारलं का, तेही सांगून टाका."

"ते मी नाही सांगणार. मी टाइप करायचे, निकाल द्यायचे नाही."

"पण तुम्हाला वाटतं काय?"

त्या म्हणाल्या, "एक बाई होती, आरोपी. शेजारी साक्षीला आला. म्हणाला, अंगणातून तिला मागच्या दारानं जाताना पाहिलं. माझी मावशी त्याच गल्लीत राहायची. त्या अंगणातून ते दार दिसतच नाही."

"मग?"

"मग काय. त्याची उलटतपासणी झाली, अंगणाचं कुणी विचारलं नाही. टाइप करणाऱ्यानं बोलायचं नसतं. मी टाइप केलं."

"आणि ती?"

"सात वर्षं." फोनमध्ये भांडं सरकल्याचा आवाज झाला. "त्यानं अंगण अंगण म्हणून चार वेळा म्हटलं. साहेब म्हणाले, एकदा लिहिलं तरी चालेल. मी चारही वेळा लिहिलं. म्हटलं, कुणीतरी वाचेल. कुणी वाचलं नाही."

मी म्हटलं, "आई, जेवलात का?"

"जेवले," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी कादंबरी पहिल्या पानापासून परत वाचायला घेतली. डॉक्टरकडे मला आता बघवेना, म्हणून त्याच्या आजूबाजूला कोण आहे ते बघत गेले. तेव्हा ती सापडली. डॉक्टरचा हात कापतो, म्हणून हे सगळं तो आपल्या भाचीला लिहून घ्यायला सांगतो. चारशे पानांत तिच्या वाट्याला दोन वाक्यं आहेत. एकात ती दौत भरते. दुसऱ्यात डॉक्टर तिला म्हणतो, ते धुक्याचं राहू दे. आणि धुकं तर पानोपानी आहे. तिनं राहू दिलं ते त्याच्या अर्थानं नाही.

निबंध मी पुन्हा लिहिला, भाचीवर. एकवीस पानं. तळटीप एकच, क्रमांक चार. समितीला तो पटला. पुढची दोन वर्षं मिळाली, पदवीही मिळाली. सासूबाईंना मी प्रत पाठवली, सोबत भाचीचा भाग आपल्या भाषेत करून. त्यांनी ती आठ दिवस वाचली. म्हणाल्या, "समास कमी सोडलाय." मग म्हणाल्या, "मुलगी बरी होती ती." एवढंच.

मी घरी परतले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. बारीक झालीस म्हणाल्या, मी म्हटलं तुम्हीही. त्यानंतर आठवडाभर आम्हाला एकमेकींशी काय बोलावं ते कळेना. स्वयंपाकघरात एकमेकींना वाट देत राहिलो. रविवार उजाडला. दुपारची जेवणं झाली, त्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. मी आतल्या खोलीत गेले, दार ओढलं आणि त्यांना फोन लावला.

बाहेर घंटी वाजली. नवरा म्हणाला, "अगं आई, ती इथेच आहे की!" सासूबाई त्याला म्हणाल्या, "तू गप्प बस," आणि फोन उचलला.

"बोल," त्या म्हणाल्या. "नवीन काय वाचतेयस?"