आईच्या बाजूचा दरवाजा

आमच्या घरात भांडण चालू आहे की नाही, हे शेजाऱ्यांना गाडीच्या दरवाजावरून कळायचं. सगळी गाडी लख्ख आणि चालकाच्या बाजूचा एकच दरवाजा धुळीने माखलेला, असं दिसलं की वरचे काका जिना उतरता उतरता विचारायचे, "काय, वातावरण तापलंय वाटतं?" बाबा बादली उचलून हसायचे आणि वर आई खिडकी आपटायची.

गाडी आईची. तिची आरोग्य खात्यात फिरतीची नोकरी होती, गावोगाव लसीकरणाची देखरेख करायची. क्रीम रंगाची ही छोटी गाडी तिने स्वतःच्या पगारातून घेतली आणि चालवली फक्त तिनेच. बाबांना गाडी चालवता येत नव्हती. शिकवायचा प्रयत्न आईने एकदा केला होता. त्यानंतर दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलली नाहीत म्हणे. "मी चालवणार, तुम्ही पुसणार," अशी मग वाटणी झाली आणि बाबांनी ती जन्मभर पाळली.

आज ती गाडी जायची होती. नवीन मालकीण, इस्पितळातली एक तरुण नर्स, दुपारी न्यायला येणार होती. आणि मी सकाळपासून पार्किंगमध्ये बादली घेऊन उभी होते, कारण मळकी गाडी दुसऱ्याच्या हातात देणं आमच्या घरच्या रीतीत बसत नाही. अडचण एकच होती. आईच्या बाजूच्या दरवाजावर शेवटच्या भांडणाची धूळ अजून तशीच होती. ज्याच्याशी भांडण झालं, तो माणूस जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि आई त्या दरवाजाला कुणाला हात लावू देत नव्हती.

"तो सोडून बाकीची पूस," असं तिने वरून बजावलं होतं.

"तशीच देणार आहेस का त्या मुलीला?"

"तुला सांगितलं तेवढं कर."

आई अशीच आहे. तिच्यापुढे बोलायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी बाही सावरली आणि कामाला लागले.

पाइप लावून गाडी धुवायला आमच्या इमारतीत पहिल्यापासून बंदी. टाकी लहान आणि तिच्यावरून होणारी भांडणं मोठी. बाबांना त्या बंदीचं काही वाटलं नाही. ते चष्म्याच्या दुकानात कामाला होते, काच कशी पुसायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसणारं गिऱ्हाईक दिसलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. "अहो, कोरडी धूळ म्हणजे वाळू! आधी ओली करा, मग उचला," असं सांगून ते त्याच्या हातातून चष्मा काढूनच घ्यायचे. गाडीलाही त्यांनी तोच न्याय लावला. पुढे बाजारात गाडी पुसायचा एक द्रव मिळायला लागला, बादलीभर पाण्यात झाकणभर टाकायचा, फेस नाही, नंतर वरून पाणी ओतणं नाही, तेव्हा त्यांना लॉटरी लागल्यासारखं झालं. बाटली हातात घेऊन ते आईला म्हणाले होते, "बघ, जगाला आत्ता कळलं."

लहानपणी रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर खाली यायचे. मऊ फडकी सगळी बादलीत बुडवून ठेवायची. एक काढायचं, हलकं पिळायचं, घडीवर घडी घालून तळहाताएवढं करायचं. आधी टपावर तसंच ओलं फडकं टेकवून धूळ भिजू द्यायची. मग एका दिशेने, अलगद. "घासू नकोस, सरकव. तुझ्या आईच्या तोंडावरून हात फिरवतेस असं समज," ते म्हणायचे. मी म्हणायचे, "ती फिरवू देत नाही." यावर ते इतके हसायचे की तो आवाज पार्किंगभर घुमायचा.

एकदा वापरलेली घडी पुन्हा गाडीला लागली की मात्र "हं!" व्हायचं. फडकं उलगडायचं, स्वच्छ बाजू वर आणायची, पुढचा हात. सगळ्या बाजू मळल्या की फडकं बाजूला ठेवायचं, बादलीत परत नाही. टप, काचा, बॉनेट, मग बाजू, वरून खाली. चाकांचं फडकं वेगळं, ते गरीब बिचारं कुणाच्या पंगतीत नाही. आणि प्रत्येक भाग झाला की लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचा. शेवटी बादलीतलं पाणी इतकं स्वच्छ राहायचं की बाबा ते सगळ्यांना वाकून बघायला लावायचे. माझ्या मैत्रिणींनासुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज एकटीने ते सगळं करताना मला त्या "हं!"ची इतकी आठवण आली की मी मुद्दाम मळकी घडी पुन्हा बॉनेटवर ठेवली. कुणी काही बोललं नाही. मग मीच घडी बदलली.

दरवाजाची गोष्ट अशी, की गाडी घेतली त्याच महिन्यात आई दौऱ्यावरून आली, बाबांच्या हातातून फडकं घेतलं आणि आपल्या बाजूचा दरवाजा स्वतः पुसला. "याच्यावर सारखा माझा हात असतो, हा माझा," म्हणाली. तेव्हापासून तो दरवाजा बाबा सोडून द्यायचे. बाकीची गाडी झाली की शेवटचं स्वच्छ फडकं पिळून वर खिडकीकडे बघायचे. आई खाली यायची, फडकं घ्यायची, दरवाजा पुसायची. एवढं झालं की आमच्या घरातला आठवडा सुरू.

भांडण असलं की ती यायची नाही. दरवाजा तसाच. मग कधी दुसऱ्या दिवशी, कधी चौथ्या दिवशी बाबा ओलं फडकं ताटलीत घेऊन वर यायचे, अगदी औषध आणल्यासारखं, आणि म्हणायचे, "घ्या बाईसाहेब. चुकलं माझं." चूक कुणाची हा प्रश्नच नसायचा. पुष्कळदा ती आईची असायची, हे मला कळायला लागल्यापासून कळत होतं. पण भांडणानंतर आईने एकदाही स्वतःहून फडकं घेतलं नाही आणि बाबांनी एकदाही तो दरवाजा परस्पर पुसला नाही. दोघंही एकापेक्षा एक. एकाला माघार घ्यायची सवय, दुसरीला ती घेऊ द्यायची.

शेवटच्या वेळी मी माहेरी आलेले होते, म्हणून ते सगळं माझ्या कानांनी ऐकलंय. बाबांनी गाडी पुसली, आईच्या दरवाजापाशी आले आणि वाकून बघायला लागले. धुळीखाली एक लांब, तिरका, करडा पट्टा होता.

"ही काय रेघ? फाटकाच्या खांबाला घासलीस तू," ते म्हणाले. खांबही करडाच आहे.

"मी? मी गाडी घासली?" आई म्हणाली. "काकांची स्कूटर लागली असेल."

तिथे थांबले असते तर ते बाबा कसले. पण त्यांचंही वय झालं होतं, आणि काळजी त्यांना कधी नीट बोलताच आली नाही. "तुझा अंदाज चुकायला लागलाय," ते म्हणाले. "आता पुरे कर गाडी. काही होऊन बसेल."

आईने सरळ किल्ली पर्समध्ये टाकली आणि वर निघून गेली. ज्या माणसाला क्लच आणि ब्रेक यांतला फरक सांगता येत नव्हता, त्याने तिला गाडी सोड म्हणावं! बाबा फडकं पिळून खाली उभे राहिले, मग तेही वर आले. त्याच आठवड्यात एका पहाटे त्यांच्या छातीत कळ आली आणि इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं. फडकं ताटलीत घालून आणायचं राहूनच गेलं.

त्यानंतर आईने गाडी बाहेर काढली नाही. खोळ घातली ती घातलीच. मेकॅनिक मधूनमधून येऊन इंजिन चालू करून जायचा. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "डोळे साथ देत नाहीत." डोळे ठणठणीत होते, सुईत दोरा ती अजून माझ्याआधी ओवते. तिला भीती होती ती वेगळीच. पट्टा पुसला आणि खाली खरंच ओरखडा निघाला, तर बाबांचं खरं, आपला अंदाज गेला. म्हणून ती तो दरवाजा पुसत नव्हती आणि म्हणूनच गाडी विकत होती. माझा नवरा म्हणतो मी उगाच तर्क करते. पण आईची लेक तो नाही, मी आहे.

बाकीची गाडी झाली. मी एक स्वच्छ फडकं पिळलं, वर गेले, आणि मला काय सुचलं कोण जाणे, स्वयंपाकघरातून ताटली घेतली. फडकं तिच्यात ठेवून आईसमोर धरलं.

"घ्या बाईसाहेब," मी म्हटलं. "चुकलं माझं."

आईने ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा असा झाला की मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"तू कोण त्यांच्या वतीने माफी मागणारी?" ती म्हणाली. "आणि त्यांनी का मागायची दर वेळी? ठेव ते."

मी ताटली ठेवली. आईने खिडकीतून खाली गाडीकडे बघितलं. मग पदर खोचला, माझ्याकडे न बघता जिना उतरली. मी रिकाम्या हातांनी मागून गेले.

खाली जाऊन तिने बादलीत हात घातला. तळाशी उरलेलं एक फडकं शोधून काढलं, स्वतः पिळलं, स्वतः घडी घातली. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. घडी चुकली, तिने पुन्हा घातली. मग ते ओलं फडकं त्या पट्ट्यावर टेकवून ती तशीच उभी राहिली, तळहात दाबून, डोळे मिटून.

"भिजू दे जरा," ती म्हणाली. मला की स्वतःला, माहीत नाही.

मग तिने हात सरकवला. घासलं नाही.

फडक्यावर करडा, पिठासारखा रंग आला. तिने घडी उलटली आणि पुन्हा हात फिरवला. अर्धा पट्टा गेला होता. तिसऱ्या घडीला दरवाजा क्रीम, गुळगुळीत, कोरा. ओरखडा नाही. पोचा नाही. मी नखाने चाचपून बघितलं, काहीच लागलं नाही.

"जिन्याचा रंग," आई हळूच म्हणाली. "तेव्हा जिन्याला रंग देत होते. पाण्यात कालवलेला. रंगाऱ्याचा बांबू टेकला असेल."

तिने फडकं माझ्यापुढे धरलं, जणू मीच पंच. नुसता पाण्याने जाणारा रंग. बाबांनी एकदा हात फिरवला असता तर त्यांना दिसलं असतं, पण दरवाजा तिचा, म्हणून त्यांनी हात लावला नाही. तिने फिरवला असता तर तिला दिसलं असतं, पण त्यांनी फडकं दिलं नाही, म्हणून तिने घेतलं नाही. आणि चष्म्याच्या दुकानात जन्म काढलेला माणूस स्वतःच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत होता! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मला वाटलं, आता आई म्हणेल, बघ, मी सांगत नव्हते? तिचं आवडतं वाक्य. पण चाकं पुसताना बाबा ज्यावर बसायचे त्या स्टुलावर ती बसली आणि ते फडकं मांडीवर ठेवून रडायला लागली. बाबा गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती. तेव्हा तिच्या डोक्यात राग होता, आणि रागाने तिला वर्षभर उभं धरलं होतं. आता भांडायला काही उरलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "अहो, चुकलं. मीच यायला हवं होतं खाली."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. या वेळी तिने फिरवू दिला.

दुपारी ती मुलगी आली. परवाना नवा कोरा, हातात मिठाईचा डबा, आणि गाडी बघून आनंदापेक्षा घाबरलेली जास्त. "काकू, किती चकचकीत ठेवलीय!" म्हणाली. "मला तर हात लावायला भीती वाटते. रस्त्यावर नेईन की नाही कोण जाणे."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता गाडी द्यायचीच नाही म्हणेल. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पण आईचा शब्द म्हणजे शब्द.

"गाडी तुझी," आई त्या मुलीला म्हणाली. "पण आज मीच घरी पोचवते, गाडीला आणि तुला. रस्त्यात बघत राहा, कुठे काय करते ते. आणि रविवारी मी येईन, तुझी भीती घालवायला. बस तिकडे." मग माझ्याकडे वळून, "बघतेस काय? फाटकापाशी जा."

फाटक अरुंद आहे. गाडी निघताना बाबा रस्त्यावर उभे राहून हात दाखवायचे, ये, ये, जरा उजवीकडे. ते तोंड करून असायचे गाडीकडे, त्यामुळे त्यांचं उजवं आणि तिचं उजवं कधी जुळलंच नाही, आणि आई त्यांच्याकडे दुर्लक्ष करून सरळ निघून यायची. हा खेळ इतकी वर्षं का चालला हे मी कधी विचारलं नाही. मी जाऊन त्यांच्या जागेवर उभी राहिले. इंजिन सुरू झालं. वर्षभराने आईचे हात स्टिअरिंगवर होते.

"ये," मी हात हलवला. "ये, ये. जरा उजवीकडे घे. अजून."

खांब आणि आरसा यांच्यात दोन्ही बाजूंना सारखी जागा ठेवून आई बाहेर आली, माझ्या हाताकडे ढुंकूनही न बघता. माझ्याजवळ येऊन तिने ब्रेक दाबला, काच खाली केली. डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

"उजवीकडे घेतली असती तर खांबावर बसली असती," ती म्हणाली. "बापावर गेलीस अगदी."