बैल-घोडे

"घाला की, च्वांग काका. दोन मिनिटांचं तर काम आहे." ऑफिसातली शिया बैलाचं पुठ्ठ्याचं मुंडकं पुढे करून उभी होती. "तुमचा करार नववर्षाच्या सणानंतर संपतोय. साहेबांनी मुद्दाम तुमचंच नाव घेतलंय. माझ्यावर चिडू नका, मीपण बैलच."

"तू फोनवर बैल आहेस," च्वांग म्हणाला आणि त्यानं मुंडकं घेतलं.

चीनमधल्या निंग्बो शहरात, एका हॉटेलात कंपनीचं वर्षअखेरीचं जेवण होतं. च्वांग कंपनीच्या गोदामात एकवीस वर्षं कारकून. यंदा कंपनीचे मालक फू साहेब यांना तरुण व्हायची हुक्की आली होती. ऑफिसातली पोरं फोनवर स्वतःला 'बैल-घोडे' म्हणवून घेतात, हे त्यांच्या कानावर गेलं. पोरं म्हणत ती जळफळून. राबराब राबायचं, वर बोलणी खायची, त्याला दुसरं काय म्हणणार? साहेबांना त्यात गंमत दिसली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं! मग ठरलं, एक बैल, एक घोडा, आणि दोघांनी ओढायच्या गाडीत खुद्द साहेब.

च्वांगनं हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा गावात फोन नव्हता. आई बाळंतपणात अडली होती. तिला दवाखान्यात न्यायला ट्रॅक्टर मिळावा म्हणून बापानं गावप्रमुखापुढे गुडघे टेकले. "पुढच्या जन्मी तुमचा बैल होईन, घोडा होईन." ट्रॅक्टर मिळाला, आई वाचली. पुढच्या जन्माची वाट मात्र कुणी पाहिली नाही. दर सुगीला बाप प्रमुखाच्या शेतात राबला, पाठीचं धनुष्य होईपर्यंत.

मंचावर गाडी निघाली. हिशेब खात्यातला घोडा मनापासून खिंकाळला. अशा लाळघोट्यांची च्वांगला किळस होती. साहेबांनी खेळण्यातला चाबूक उडवला. "अरे बैला, हंबर की!" शंभर फोन वर झाले. च्वांग मधेच थांबला.

"बैल अडला रे!" साहेब खदखदले.

च्वांगनं मुंडकं काढलं. चेहरा घामानं निथळत होता. "साहेब, माझा बाप बैल झाला तो उपकार फेडायला. तुमचे माझ्यावर कसले उपकार?"

"नोकरी दिली ना तुला."

"त्याबदली काम केलं मी."

"च्वांग, सणानंतर यायचंय ना तुला?" साहेब अजून हसत होते, पण एकटेच.

"नाही."

एवढं बोलून तो खाली उतरला. मुख्य टेबलापाशी गेला, साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवर मुंडकं नीट बसवलं आणि कोट उचलला. पोटापाण्याचं काय, हे त्याला घरी बायकोला सांगावं लागणार होतं. ती चिडेल, हेही ठाऊक होतं.

तेवढ्यात वाफाळता मासा घेऊन वाढपी मुलगी आली. मंचावर काय झालं ते तिला माहीत नव्हतं. माशाचं तोंड मानाच्या माणसाकडे असावं लागतं. तिनं थाळी टेबलावर ठेवली, खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि माशाचं तोंड बैलाकडे वळवलं.